‘शिक्षा’ म्हणजे शाळा की तुरुंग? नेहमी येणारे प्रश्न आणि जमली तशी उत्तरं

मी हिंदीतून मराठीत भाषांतराचं काम करते. सरकारी पत्रकं, जाहिराती, पाठ्यपुस्तकाच्या बाजूचं साहित्य, जे येईल ते. इतक्या वर्षांत ज्या एका शब्दावरून सगळ्यात जास्त फोन आले, सगळ्यात जास्त हसू झालं आणि दोनतीनदा क्लायंटशी चांगलीच वादावादी झाली तो शब्द म्हणजे शिक्षा. लोक तेच तेच विचारतात आणि मी तेच तेच सांगते, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय.

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे सजा. मग बरोबर कोण आणि चूक कोण?

चूक कोणीच नाही. शब्द एकच, संस्कृतातला, आणि दोन्ही भाषांनी तो तिथूनच उचललाय. फक्त हिंदीने त्याचं एक टोक धरलं आणि मराठीने दुसरं. ‘मराठी माणसाला शिकणं म्हणजेच सजा वाटते’ हा व्हॉट्सॲपवरचा विनोद मला वर्षातून चारदा तरी येतो, पण असं करणारे आपण एकटे नाही. कन्नड, तेलुगू, मल्याळम आपल्याच बाजूला आहेत, आणि थेट इंडोनेशियापर्यंत मंडळी आहेत ज्यांच्याकडे हा शब्द आपल्यापेक्षाही भयानक झालाय. ते खाली येईलच.

मूळ अर्थ काय होता पण?

हा भाग माझा सगळ्यात आवडता, त्यामुळे जरा लांबेल.

शिक्षा हा शब्द ‘शक्’ या धातूपासून आलाय. शक् म्हणजे जमणं, करू शकणं. शक्ती, शक्य, सशक्त हे सगळे त्याच घरातले, आपलं ‘शकणे’ पण तिथलंच. संस्कृतात धातूला ‘इच्छा’ जोडायची एक पद्धत आहे. जाणून घ्यायची इच्छा ती जिज्ञासा, प्यायची इच्छा ती पिपासा, सुटायची इच्छा असलेला तो मुमुक्षू. तसं ‘शक्’ला इच्छा जोडली की होतं शिक्ष्, म्हणजे ‘आपल्याला जमावं अशी इच्छा धरणं’. शिकणं म्हणजे काय तर एखादी गोष्ट जमावी असं मनापासून वाटणं आणि त्याच्या मागे लागणं. सजा-बिजा काही नाही त्यात. (भिक्षा पण ह्याच साच्यातली बरं का, ‘भज्’ म्हणजे वाटून घेणं, त्याची इच्छा ती भिक्षा, आपल्यालाही वाटा मिळावा ही इच्छा. आणि शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकायची इच्छा, नर्सिंग वगैरे अर्थ मागाहून आला.)

ऋग्वेदात सातव्या मंडलात १०३ वं सूक्त आहे, बेडकांचं. पावसाळा सुरू झाल्यावर बेडूक ओरडायला लागतात, एक ओरडला की दुसरा त्याच्या पाठोपाठ तसाच ओरडतो, आणि कवी म्हणतो ‘शाक्तस्येव वदति शिक्षमाणः’, म्हणजे गुरू बोलतो आणि शिकणारा त्याच्यामागून तेच म्हणतो तसं. इथे गुरूला शब्द वापरलाय ‘शाक्त’, ज्याला जमतंय तो, आणि शिष्याला ‘शिक्षमाण’, ज्याला जमावं असं वाटतंय तो. दोन्ही शब्द शक्‌चेच. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री शेताच्या बाजूला उभं राहून ऐका, एक बेडूक ‘डराँव’ करतो, अर्धा सेकंद शांतता, मग लांबून दुसऱ्याचं उत्तर, मग सगळ्यांची एकदम दे धमाल. अगदी पाढे म्हणणारा वर्ग. इतक्या जुन्या काळी कोणीतरी हे ऐकून हसलं असणार याचं मला फार बरं वाटतं.

वेदांगांमधली ‘शिक्षा’ म्हणजे कुठली मग?

ती तिसरीच. वेदांच्या जोडीला शिकायची सहा शास्त्रं म्हणजे वेदांगं, शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद, ज्योतिष. त्यातली शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र. कुठला वर्ण तोंडात कुठून निघतो, स्वर वर की खाली, किती लांबवायचा, वगैरे. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या भागाचं नावच शीक्षावल्ली आहे, तिथे तो शब्द दीर्घ ‘शी’ने लिहितात (टायपो नाही तो, मला एकदा प्रूफमध्ये ‘दुरुस्त’ करून आला होता). तिथे वर्ण, स्वर, मात्रा, बल अशी यादीच दिलीय. ‘सत्यं वद, धर्मं चर’ हे पदवीदान समारंभात ऐकतो ते याच वल्लीतलं.

मग ह्यात सजा घुसली कुठून?

कुठल्या वर्षी, कोणी, असं बोट दाखवता येत नाही, शब्द तसे बदलत नाहीत. पण रस्ता सरळ दिसतो. शिकवणं, मग चुकलं की सुधारणं, मग पुन्हा चुकू नये म्हणून काहीतरी करणं, आणि ते ‘काहीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा छडी. मोनिअर विल्यम्सचा संस्कृत कोश उघडलात तर शिक्षा ह्या शब्दाखाली शिकणं, शिकवण, कौशल्य ह्यांच्या रांगेतच दंड हा अर्थही दिलेला आहे. म्हणजे बी संस्कृतातच होतं, आपण पाणी घातलं.

आणि हे काही फक्त ह्याच शब्दाचं नाही. मराठीतच बघा, ‘थांब, तुला चांगला धडा शिकवते’ म्हणताना आपण काही पुस्तक काढणार नसतो. बंगाली माणसाकडे शिक्षा म्हणजे एरवी एज्युकेशनच, पण ‘उचित शिक्खा’ दिली म्हणाला की समजायचं समोरच्याची खरडपट्टी निघाली.

शिष्य आणि शिक्षा एकाच मुळातले ना?

नाही! सगळ्यांना तसंच वाटतं, मलाही वाटायचं. शिष्य आलाय ‘शास्’ धातूपासून. शास् म्हणजे सांगणं, आज्ञा करणं, ताब्यात ठेवणं, आणि दंड करणं. शास्त्र, शासन, अनुशासन, शास्ता, सगळे तिथले. म्हणजे शिष्य म्हणजे ‘ज्याला सांगायचं आहे तो’.

गंमत अशी की शास् ह्या धातूचंही तेच झालं जे शिक्षाचं झालं. मराठीत ‘महाराष्ट्र शासन’ म्हणजे सरकार, पण ‘गुन्हेगाराला शासन झालं पाहिजे’ म्हणजे सजा. पालीत ‘सासन’ म्हणजे बुद्धाची शिकवण, धम्म. तोच शब्द थायलंडला गेला आणि तिथे ‘सातसना’ म्हणजे सरळ धर्म, रिलिजन.

शिस्त मात्र ह्या घरातली अजिबात नाही. ती फारसीतून आलीय, तिकडे शिस्त म्हणजे नेम, निशाणा. ‘शिष्ट’वरून शिस्त आली असं शाळेत कोणी सांगितलं असेल तर विसरून जा.

‘शिकणे’ हा आपला शब्द तरी ह्याच मुळातला आहे का?

हो, तो अस्सल. संस्कृत शिक्षते, प्राकृतात सिक्खइ, आणि मग आपलं शिकणे. हिंदीत सीखना. त्यांच्याकडे ‘ख’ राहिला, आपल्याकडे शेवटचा हकार गळला. हे आपण बऱ्याच ठिकाणी करतो, भीख-भीक, भूख-भूक, हाथ-हात. सगळीकडे नाही, दूध आणि जीभ तशीच राहिली, पण बऱ्याच ठिकाणी.

म्हणजे मराठीत एकाच मुळाचे दोन शब्द आहेत. एक घरी वाढलेला, शिकणे, जो पिढ्यानपिढ्या तोंडातून झिजत आला, आणि एक संस्कृतातून पुन्हा जसाच्या तसा आणलेला, शिक्षा. घरच्याने शिकण्याचं काम आधीच सांभाळलं होतं, पाहुण्याला दुसरं काम मिळालं. हा माझा अंदाज आहे, पण मला पटतो.

शिक्षण, शिक्षक, सुशिक्षित ह्यात तर सजा नाही. मग एकट्या ‘शिक्षा’नेच काय पाप केलं?

बरोबर पकडलंत. मराठीने ‘ण’ लावून वाटणी करून टाकली. शिक्षण इकडे, शिक्षा तिकडे. शिक्षक, शिक्षिका, प्रशिक्षण, शिक्षित हे सगळे इकडच्या बाजूला. ‘शिक्षापात्र गुन्हा’ तिकडच्या. वाटणी इतकी पक्की आहे की कधी कोणाचा गोंधळ होत नाही, गोंधळ होतो तो हिंदीतून काही आलं की.

आणि ह्या एका ‘ण’ची किंमत काय ते सांगते. हिंदीत ‘शारीरिक शिक्षा’ म्हणजे पीटीचा तास. मराठीत ‘शारीरिक शिक्षा’ म्हणजे छडी, उठाबशा, कोंबडा, अंगठे धरून उभं राहणं. आता २००९ चा आरटीई कायदा घ्या. हिंदीत त्याला लोक ‘शिक्षा का अधिकार’ म्हणतात, मराठीत ‘शिक्षणाचा अधिकार’. त्याच कायद्याचं १७ वं कलम म्हणतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळ करायचा नाही. म्हणजे हिंदीतला शब्द मराठी डोळ्यांनी वाचलात तर कायद्याच्या नावात मुलांना शिक्षेचा हक्क दिलाय आणि सतराव्या कलमात तीच शिक्षा काढून घेतलीय. (हिंदीवाले सतराव्या कलमात ‘दंड’ म्हणतात, त्यांचा प्रश्न सुटतो. आपल्याकडे दंड म्हणजे पावती फाडून भरायचे पैसे, नाहीतर बाह्या वर केल्यावर दिसतो तो.)

‘सर्व शिक्षा अभियान’ मराठीत तसंच का ठेवलं?

राष्ट्रीय योजना होती, नाव हिंदीतलं होतं, ते तसंच आलं. २००१ च्या सुमारास सुरू झाली आणि गावोगावच्या झेडपी शाळांच्या भिंतींवर ते नाव रंगवलेलं होतं. ‘सगळ्यांनाच शिक्षा? आम्ही काय केलं?’ हा विनोद तेव्हापासूनचा. २०१८ मध्ये ती योजना ‘समग्र शिक्षा’मध्ये विलीन झाली, म्हणजे विनोदाला नवीन आवृत्ती मिळाली. आधी सर्वांना होती, आता संपूर्ण झाली.

मला विचाराल तर हे नाव मराठीत येताना ‘शिक्षण’ करायलाच हवं होतं. २०२० मध्ये दिल्लीतल्या मानव संसाधन विकास मंत्रालयाचं नाव बदलून ‘शिक्षा मंत्रालय’ झालं तेव्हा मराठी पेपरांनी बिनबोभाट ‘शिक्षण मंत्रालय’ छापलं, कोणाचं काही बिघडलं नाही. योजनेचं नाव म्हणजे काही माणसाचं नाव नव्हे की बदलता येत नाही.

माणसाचं नाव म्हणालात, ‘शिक्षा’ नावाच्या मुली असतात ना?

असतात, उत्तरेत बऱ्याच. दीक्षा, शिक्षा अशा बहिणी पण असतात. पुण्या-मुंबईत आल्या की बिचाऱ्यांना पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये ते ऐकावं लागतं. कृपया करू नका, त्यांनी तो जोक आपल्याआधी शंभरदा ऐकलेला असतो.

तुमचा स्वतःचा कधी गोंधळ झालाय का?

झालाय की. पाचवीत हिंदी नवीन सुरू झालं होतं. चाचणीत लोभी कुत्र्याची गोष्ट होती, तोंडातली पोळी पाण्यात पडते ती, आणि खाली प्रश्न, ‘इस कहानी से आपको क्या शिक्षा मिली?’ मी खूप विचार केला. मला कशाला शिक्षा मिळेल, मी काही केलं नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘मुझे कोई शिक्षा नहीं मिली, शिक्षा कुत्ते को मिली, उसकी रोटी पानी में गिर गई।’ बाईंनी लाल पेनने अर्धा मार्क दिला आणि बाजूला एक हसरा चेहरा काढला. मराठीत त्या जागी आपण ‘तात्पर्य’ विचारतो हे मला पुढच्या वर्षी कळलं. अजूनही मला वाटतं की उत्तर बरोबर होतं.

उलटा किस्सा ऑफिसमधला. कानपूरचे एक सहकारी, मुलगा इथल्या शाळेत दुसरीत. एकदा डायरी घेऊन माझ्याकडे आले, बाईंनी लिहिलं होतं, ‘गृहपाठ न केल्यामुळे आज वर्गात शिक्षा दिली.’ हे खूश. म्हणाले किती चांगली शाळा आहे, होमवर्क राहिला तर वर्गात बसवून एक्स्ट्रा शिकवतात. मी सांगू की नको, सांगू की नको, असं करत दोन मिनिटं घालवली आणि मग सांगितलं. पोराला बाकावर उभं केलं होतं, एवढंच, पण त्यांचा चेहरा जो पडला तो मला अजून आठवतो.

आणि भाषांतरात तर रोजचं. ‘उच्च शिक्षा प्राप्त उम्मीदवार’ हे मशीनमधून काढून कोणीतरी ‘उच्च शिक्षा झालेले उमेदवार’ करून पाठवतं. नोकरीच्या जाहिरातीत. म्हणजे जन्मठेपवाले आधी. उत्तर प्रदेशातले ‘शिक्षामित्र’ पण असेच, कंत्राटी शिक्षक असतात ते, पण मराठीत पहिल्यांदा वाचलं की वाटतं तुरुंगातला दोस्त.

आपल्या शेजारच्या भाषांत काय आहे?

दक्षिणेकडे गेलात की एकदम घरच्यासारखं वाटेल. कन्नडमध्ये ‘शिक्षे’ म्हणजे सजा आणि ‘शिक्षण’ म्हणजे शिक्षण, डिट्टो आपल्यासारखी वाटणी. जन्मठेपेला ‘जीवावधी शिक्षे’, फाशीला ‘गल्लु शिक्षे’. तेलुगूत ‘शिक्ष’ म्हणजे सजा, ‘जैलु शिक्ष’, ‘उरिशिक्ष’ म्हणजे फाशी, आणि ‘शिक्षण’ म्हणजे ट्रेनिंग, शाळेतल्या शिक्षणाला ते विद्या म्हणतात. मल्याळममध्ये देहदंडाला ‘वधशिक्षा’ म्हणतात, ऐकूनच धडकी भरते, आणि तिथेही शिक्षणाला विद्याभ्यास. जुन्या इंडियन पीनल कोडचं मल्याळम नाव ‘इंडियन शिक्षानियमम्’ आणि तेलुगू नाव ‘भारत शिक्षा स्मृती’. लखनौच्या माणसाने हे वाचलं तर त्याला वाटेल शाळांचा कायदा आहे. तमिळने भानगडच ठेवली नाही, शिक्षणाला ‘कल्वी’, सजेला ‘तंडनै’, दोन वेगळे शब्द.

उत्तरेला आणि पूर्वेला सगळे हिंदीच्या बाजूने. नेपाळी, बंगाली, ओडिया, असमिया, सगळीकडे शिक्षा म्हणजे एज्युकेशन, उच्चार तेवढे बदलतात, बंगालीत ‘शिक्खा’ होतं. पंजाबीत ‘सिख्खिआ’.

गुजराती मधोमध उभी आहे, भूगोलात तशीच भाषेत. पेपरमध्ये ‘शिक्षात्मक पगलां’ म्हणजे दंडात्मक कारवाई, शिक्षण म्हणजे शिक्षण किंवा केळवणी, पण स्वामिनारायण संप्रदायाचं ‘शिक्षापत्री’ आहे ना, सहजानंद स्वामींनी १८२६ मध्ये वडतालला लिहिलेलं, २१२ श्लोकांचं, त्यातली शिक्षा म्हणजे उपदेश. कोणी मराठी माणसाने ते नाव वाचून आरोपपत्रासारखं काहीतरी समजू नये.

कोकणीत सजेला ‘ख्यास्त’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, ऐकतानाच पाठीत बसतो.

महाराष्ट्रात ‘शिकवण’ ह्या अर्थाने हा शब्द कोणी वापरतच नाही का?

वापरतात, आणि रोज. बुद्धविहारात वंदना ऐकली असेल तर पंचशील आठवा. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’. जीवहत्येपासून दूर राहण्याचं सिक्खापद मी घेतो. पाचही ओळींत ‘सिक्खापदं’ येतं. पालीतलं सिक्खा म्हणजे आपलीच शिक्षा, सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी, स्वतःला वळण लावायचा नियम. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, लाखो लोकांनी घेतली, तेव्हापासून महाराष्ट्रात घराघरात हे शब्द म्हटले जातात. म्हणजे ज्या भाषेत शिक्षा म्हणजे सजा, त्याच भाषेतली लाखो माणसं ‘सिक्खा’ मात्र स्वतःहून, हात जोडून स्वीकारतात. माझ्या एका मैत्रिणीच्या आजी म्हणायच्या, ‘ही शिक्षा आपण आपल्याला द्यायची असते.’ त्यांनी श्लेष केला होता की सहज बोलल्या होत्या हे मी विचारलं नाही.

आणि बघा, सिक्खापद मोडलं तर भिक्खूंच्या विनयात, म्हणजे त्यांच्या आचारनियमांच्या ग्रंथात, त्यावर काय करायचं तेही ठरलेलं आहे. नियम शिकवणं आणि नियम मोडल्यावर काहीतरी भोगायला लागणं, ही दोन टोकं मुळातच फार लांब नव्हती.

‘शीख’ पण इथलाच शब्द का?

शीख म्हणजे शिष्य, अशी नेहमीची फोड देतात. उत्तरेत ‘ष’चा ‘ख’ वाचायची जुनी पद्धत आहे. पण पंजाबीत ‘सिख्ख’ म्हणजे शिकवण असाही शब्द आहे आणि तो शिक्ष्‌कडून येतो, त्यामुळे काही जण हा धागा तिकडे नेतात. काहीही घ्या, अर्थ शिकणाराच.

भारताबाहेर हा शब्द कुठे कुठे गेला?

इथे खरी मजा आहे. थायलंडमध्ये ‘स्युक्सा’ म्हणजे अभ्यास, शिक्षण. कॉलेजच्या विद्यार्थ्याला ‘नाक्-स्युक्सा’. त्यांच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावात ‘स्युक्साथिकान’ आहे, म्हणजे सरळ शिक्षा + अधिकार. लाओ आणि ख्मेरमध्येही (लाओस आणि कंबोडियाच्या भाषा) शिकण्याचाच अर्थ. बौद्ध परंपरेतून आणि पाली-संस्कृतातून गेला तो शब्द तिथे विद्वानांच्या हातात राहिला, मान टिकून राहिला.

समुद्र ओलांडून बेटांवर गेला आणि बिघडला. इंडोनेशियात ‘सिक्सा’ म्हणजे यातना, छळ. ‘मञिक्सा’ म्हणजे छळ करणं. नरकयातनांना ‘सिक्सा नराका’, त्यात सिक्सा पण आपली आणि नरक पण आपला. मलेशियात तोच ‘सेक्सा’ होतो. कायद्याच्या सजेला ते ‘हुकुमान’ म्हणतात, तो अरबी हुकूम, आपलाही ओळखीचा. आणि विद्यार्थ्याला काय म्हणतात? ‘सिस्वा’. शिष्य! कॉलेजातला तो ‘महासिस्वा’. शिकवणारा ‘गुरू’. म्हणजे गुरू आहे, शिष्य आहे, आणि दोघांच्या मधली शिक्षा म्हणजे छळ. मराठी माध्यमात शिकलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण तिथेही आधी तसं नव्हतं. पश्चिम जावामध्ये जुन्या सुंदानीज भाषेतला १५१८ चा एक ग्रंथ आहे, ‘सिक्सा कांडांग कारेसियान’ (कारेसियानमध्ये ऋषी लपलेत), त्यातली सिक्सा म्हणजे लोकांनी कसं वागावं त्याचे नियम, शिकवण. नियमाचा छळ पुढे झाला.

म्हणजे हे फक्त आपल्या संस्कृतीचं आहे? मारून शिकवायचं?

असं लगेच म्हणू नका. ग्रीकमध्ये ‘पायदेउओ’ असं क्रियापद होतं, ‘पाइस’ म्हणजे मूल, त्यावरून, मुलाला वाढवणं, शिकवणं. बायबलच्या ग्रीक नव्या करारात, लूकच्या २३ व्या अध्यायात येशूचा न्याय करणारा रोमन सुभेदार पिलात म्हणतो की मी ह्याला (येशूला) पायदेउओ करून सोडून देतो. म्हणजे फटके मारून सोडतो. आणि आजच्या ग्रीकमध्ये त्याच क्रियापदाचा अर्थ आहे छळणं, पिडणं, शिक्षणासाठी त्यांनी त्याच मुळाला उपसर्ग-प्रत्यय लावून वेगळा शब्द केला. आपण ‘ण’ लावला तसं. हजारो मैलांवर, आपला काही संबंध नसताना, शब्दाने सेम टू सेम प्रवास केला.

इंग्रजीतला डिसिप्लिन घ्या, लॅटिनमध्ये डिसिपुलस म्हणजे विद्यार्थी, आणि डिसिप्लिनरी ॲक्शन म्हणजे काय ते नोकरी करणाऱ्यांना माहितीय.

तालीम पण अशीच आहे ना?

हो पण तिची गोष्ट छान आहे. अरबी तालीम म्हणजे शिक्षण, उर्दू-हिंदीत तसंच. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, नाहीतर नाटकाची रिहर्सल. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या ‘नई तालीम’ ह्या शिक्षणयोजनेची परिषद झाली तेव्हा त्यातली तालीम शाळेतली होती, आणि कोल्हापूरला कोणाला तालीम म्हटलं असतं तर त्याने लंगोट शोधला असता. आता दोन्ही गावं एकाच राज्यात आहेत. पण बघा, शिक्षणाचा परदेशी शब्द आपण घेतला तो लाल मातीसाठी, आणि घाम गाळून, पुन्हा पुन्हा करून एखादी गोष्ट अंगात मुरवण्यासाठी. शक्‌चा मूळ अर्थ, ‘जमावं म्हणून धडपडणं’, तो आपल्याकडे शिक्षा ह्या शब्दात उरला नाही, पण तालमीत आहे.

असे फसवे शब्द आणखी आहेत का?

ढीगभर. यातायात, हिंदीत ट्रॅफिक, मराठीत नुसती दगदग. चेष्टा, हिंदीत प्रयत्न, मराठीत टिंगल. निर्भर, हिंदीत अवलंबून, मराठीत बिनधास्त, आनंदात (आत्मनिर्भर ऐकल्यावर मला आधी मराठी अर्थच सुचला होता). राग, हिंदीत गाण्यातला, मराठीत गाण्यातलाही आणि नाकावरचाही. आपत्ती, हिंदीत हरकत, मराठीत संकट, पालीत भिक्खूच्या हातून झालेला नियमभंग. हिंदीवाला ‘मुझे कोई आपत्ति नहीं’ म्हणतो तेव्हा तो सुखरूप असल्याचं सांगत नसतो.

भाषांतर करताना नेमकं काय लक्षात ठेवू?

हिंदीतली शिक्षा आली की नव्वद टक्के वेळा शिक्षण. गोष्टीखाली आली तर तात्पर्य किंवा बोध. ‘शिक्षा देना’ संतांच्या, महापुरुषांच्या बाबतीत आलं तर शिकवण. ‘उच्च शिक्षा’ला उच्च शिक्षण, ‘प्रौढ शिक्षा’ला प्रौढ शिक्षण, आणि ‘शारीरिक शिक्षा’ दिसली की काम थांबवून आधी बघा वाक्यात मैदान आहे की छडी. उलट दिशेने जाताना, म्हणजे मराठीतून हिंदीत, शिक्षा दिसली की सज़ा किंवा दंड. मशीनवर सोडू नका. मी एकदा घाईत सोडलं होतं, तुरुंग विभागावरचा मजकूर होता, ‘शिक्षा भोगत असलेले कैदी’, हिंदीत झालं ‘शिक्षा प्राप्त कर रहे क़ैदी’. क्लायंटने पास केलं, कारण वाचताना त्यांना तो कैद्यांच्या साक्षरता वर्गाबद्दलचा मजकूर वाटला.